भाजल्यावरची पहिली वीस मिनिटे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजल्यामुळे मृत्युमुखी पडतात. स्त्रिया व बालके प्रामुख्याने स्वयंपाकघरातच भाजतात. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, जमिनीवर मांडलेली चूल, नायलॉनचा सैल पदर ही त्याची परिचित कारणे होत. गॅसचा वास येताच विजेचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा व दारेखिडक्या उघडाव्यात.

वस्त्रांनी पेट घेतल्यास धावू नये. धावल्याने ज्वाला भडकतात. जमिनीवर लोळावे अथवा जाड सुती पांघरुणाने आग विझवावी. त्यानंतर भाजलेल्या भागावर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. पाण्याने फोड येतात ही समजूत निराधार आहे. उलट त्वचेत शिरलेली उष्णता पाण्यानेच उतरते. बर्फ, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. मग स्वच्छ चादर पांघरून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. मोठ्या प्रमाणावर भाजल्यास शरीरातील द्रव झपाट्याने झिरपून जातो, आणि शिरेवाटे सलाइन मिळण्यास झालेला विलंब प्राणघातक ठरतो.

‘स्टोव्हचा भडका’ एवढ्या दोन शब्दांवर मात्र प्रत्येक प्रकरण मिटवणे योग्य नव्हे. विवाहानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये चौकशी व शवविच्छेदनाची तरतूद आहे. अशा मृत्यूची खबर अंत्यसंस्कारापूर्वीच पोलिसांना पोहोचली पाहिजे.