निळा डाग काय सांगतो?

असे समजा की तुमची मोठी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तुमचे घर कल्याणला दूधनाक्यावर असेल, मुंब्र्याला असेल किंवा डोंबिवलीला असेल. बाळ दीड महिन्याचे झाले आहे. चिल्ला नुकताच संपला आहे. बाजी बाळाला दूध पाजत बसली आहे आणि तुम्हांला तिच्या दंडावर रुपयाएवढा निळा डाग दिसतो. असाच एक डाग काल तिच्या नडगीवर होता.

"बाजी, हे काय झालं?"

"काही नाही. कुठेतरी लागलं असेल."

नानी म्हणते, "नजर लागली." अम्मी म्हणते, "अंगात रक्त कमी आहे, म्हणून." बाजी हसते आणि बाळाला थोपटू लागते. तिला स्वतःकडे पाहायला वेळ कुठे आहे?

हा डाग म्हणजे काय ते आधी पाहू. त्वचेखाली केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. एखादी केशवाहिनी फुटली की रक्त बाहेर पडते आणि त्वचेखाली साचते. तो डाग आधी लालसर, मग निळा-काळा, नंतर हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. यरकान, म्हणजे कावीळ झाल्यावर डोळे ज्या द्रव्याने पिवळे होतात, तेच द्रव्य या पिवळ्या डागात असते. शरीर सांडलेले रक्त असे हळूहळू आवरून घेते.

रक्त वाहिनीबाहेर जाऊ नये म्हणून तीन राखणदार असतात. पहिला राखणदार म्हणजे वाहिनीची भिंत. दुसरा म्हणजे रक्तबिंबिका. त्यांनाच आपण प्लेटलेट म्हणतो. त्या फुटलेल्या जागी जाऊन चिकटतात. तिसरा म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिने. त्यांतील बरीचशी यकृतात, म्हणजे आपल्या जिगरमध्ये तयार होतात. कोणता राखणदार कमी पडला, हे डाग पाहून सांगता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

अम्मीचे म्हणणेही येथे तपासून पाहू. 'रक्त कमी' म्हणजे हिमोग्लोबिन कमी. त्याने थकवा येतो, चेहरा फिका पडतो. पण नुसते हिमोग्लोबिन कमी झाले म्हणून सहसा असे डाग पडत नाहीत. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच. पण त्या घेतल्या म्हणजे डागांचे कारण कळले, असे नाही.

पुष्कळ वेळा कारण साधे असते. रात्री अंधारात पलंगाची कड लागते आणि सकाळी ते आठवत नाही. दुखणे थांबवण्याच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन, प्लेटलेटचे काम मंद करतात. ॲस्पिरिनचा परिणाम तर आठ-दहा दिवस राहतो, कारण प्लेटलेटचे आयुष्यच तेवढे असते. काही घरांत बाळंतिणीला लिंबू, संत्रे, पालेभाजी देत नाहीत. बाळाला सर्दी होईल, असे म्हणतात. पण वाहिनीच्या भिंतीला 'क' जीवनसत्त्व लागते आणि ते याच आंबट फळांत असते. अछवानी आणि गोंदाचे लाडू खुशाल द्यावेत. पण त्यांबरोबर संत्रेही द्यावे.

पालेभाजीत आणखी एक जीवनसत्त्व असते. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ हेन्रिक दाम कोंबडीच्या पिल्लांना स्निग्ध पदार्थ नसलेला आहार देत होते. त्या पिल्लांच्या अंगात रक्तस्राव होऊ लागला. या शोधातून 'के' जीवनसत्त्व सापडले. दाम यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व थोडेच असते, म्हणून जन्मताच बाळाला त्याचे इंजेक्शन देतात. आईने फार दिवस प्रतिजैविक औषधे घेतली आणि तिचे जेवणही नीट नसले, तर तिलाही ते कमी पडू शकते.

आता थोडी गंभीर कारणे. पावसाळ्यात डेंग्यू झाला तर प्लेटलेट झपाट्याने उतरू शकतात. कधी शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून स्वतःच्या प्लेटलेट नष्ट करते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. त्या फार कमी झाल्या की पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. त्यांवर काचेचा पेला दाबला तरी ते फिके होत नाहीत.

एक आजार आनुवंशिक आहे. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. यात रक्त गोठण्यास मदत करणारे एक प्रथिन कमी असते. गरोदरपणात ते आपोआप वाढते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा खाली येते. म्हणून नऊ महिने ठीक असलेल्या बाईला नेमके दूध पाजण्याच्या दिवसांत डाग पडू लागतात. क्वचित असेही होते की बाळंतपणानंतर शरीर स्वतःच्याच गोठवणाऱ्या प्रथिनाविरुद्ध लढू लागते. तेव्हा मोठे मोठे डाग पडतात, पण प्लेटलेट अगदी बरोबर असतात. म्हणून 'प्लेटलेट ठीक आहेत' एवढे ऐकून परत येऊ नये. रक्त किती वेळात गोठते, याचीही तपासणी करायला सांगावे.

डॉक्टर बाजीला एकटीला एक प्रश्न विचारतील: "घरी कोणी मारतं का?" त्याचा राग मानू नये. काही डागांचे कारण तेच असते आणि ते सर्वांसमोर सांगता येत नाही.

कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर आणि कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये आहेत. आनुवंशिक आजाराची शंका आली तर पुढची वाट परळला जाते. तेथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगटांचे केंद्र म्हणून सुरू झाली. आज तेथे रक्त न गोठण्याच्या आजारांचे निदान होते.

हिरड्यांतून किंवा नाकातून येणारे रक्त थांबत नसेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, अंगावरून पुन्हा खूप रक्त जात असेल किंवा लाल ठिपके उठले असतील, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा. गरज पडली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मात्र बाळाचे दूध आपल्या मनाने तोडू नका. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जाताना बाजीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या. डाग कोणत्या तारखेला दिसले, ते कागदावर लिहून घ्या. दात काढल्यावर घरात कोणाचे रक्त फार वेळ वाहिले होते का, हे नानीला आधीच विचारून ठेवा. रक्त काढायला दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ बाळ तुमच्याकडे घ्या.