कमरेचा बांधा आणि कमरेचा घेर

“डॉक्टर, माझी कंबर वरपासून खालपर्यंत सरळच आहे. व्यायामाने तिला आकार येईल का?” हा प्रश्न कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात. चाळिशीतले पुरुष म्हणतात, “हातपाय किडकिडीत आहेत, पण पोट पुढे आलंय. ते आत जाईल का?” आणि बाळंतपण झालेल्या स्त्रिया विचारतात, “पूर्वीची कंबर परत मिळेल का?”

तिन्ही प्रश्न कमरेचेच आहेत, पण त्यांची उत्तरे एक नाहीत. ती नीट समजण्यासाठी आपण दोन शब्द वेगळे करू. एक कमरेचा बांधा आणि दुसरा कमरेचा घेर. बांधा म्हणजे जन्मजात ठेवण, आणि घेर म्हणजे टेपने मोजता येते ते माप. आहार व व्यायामाने बांधा फारसा बदलत नाही, घेर मात्र नक्की बदलतो. आणि प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्व आहे ते घेराला.

बांधा कशाने ठरतो?

कमरेच्या जागी, पाठीचा कणा सोडला, तर हाड नाही. वर बरगड्यांचा पिंजरा आणि खाली कमरेची रुंद हाडे, म्हणजे श्रोणी, यांच्यामधली ही मोकळी जागा. बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. पिंजरा खाली निमुळता, श्रोणी रुंद आणि दोहोंमधील अंतर जास्त असेल, तर कंबर आपोआप आत गेलेली दिसते. पिंजरा रुंद, श्रोणी अरुंद आणि अंतर दोन-तीन बोटांचेच असेल, तर ती व्यक्ती कितीही सडपातळ असली तरी कंबर सरळच दिसणार. वयात येताना मुलींची श्रोणी रुंद होते. मुलांमध्ये खांदे व छाती अधिक भरतात. हाडांची वाढ पूर्ण झाली की ही ठेवण कायम होते.

कोणत्याही व्यायामाने बरगडी अरुंद होत नाही किंवा श्रोणी रुंद होत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही स्त्रिया लहान वयापासून घट्ट कॉर्सेट आवळून कंबर बारीक करीत. त्यांच्या सांगाड्यांत बरगड्या वाकड्या झालेल्या आढळल्या आहेत. हाडाला आकार देण्याची ती किंमत होती.

चरबी कोठे साठणार?

हाडांनंतर दुसरा भाग चरबीचा. दोन माणसांनी सारखेच खाल्ले तरी एकाच्या मांड्या भरतात आणि दुसऱ्याचे पोट सुटते. १९४७ साली मार्सेय येथील डॉ. ज्याँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरांनी ‘पुरुषी’ आणि ‘स्त्रैण’ असे लठ्ठपणाचे दोन प्रकार सांगितले. पुरुषी प्रकारात चरबी पोटावर साठते, स्त्रैण प्रकारात नितंब व मांड्यांवर. मधुमेह आणि हृदयरोग पहिल्या प्रकारात अधिक आढळतात, हे त्यांचे निरीक्षण पुढे खरे ठरले.

ही वाटणी अंतःस्रावांवर अवलंबून असते. तारुण्यात इस्ट्रोजेनमुळे स्त्रियांची चरबी मांड्यांकडे जाते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि तीच चरबी पोटाकडे वळते. पन्नाशीनंतर ‘खाणं तेवढंच आहे, पण पोट वाढलं’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते.

दुसरा वाटा आनुवंशिकतेचा. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात डॉ. क्लोद बूशार यांनी तरुण पुरुषांच्या बारा एकसारख्या जुळ्या जोड्या घेऊन केलेला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. शंभर दिवसांच्या काळात, आठवड्यातून सहा दिवस, प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त दिल्या. सरासरी वजन ८.१ किलो वाढले, पण कोणाचे ४.३ किलो तर कोणाचे १३.३ किलो. विशेष म्हणजे एकाच जोडीतील दोन भावांचे वजन बरेचसे सारखे वाढले आणि पोटाच्या आतली चरबी तर त्याहून सारखी वाढली. आईचे डोळे, बापाचे नाक घ्यावे तसा चरबीचा साठाही आपण घराण्याकडून घेतो.

म्हणून मैत्रिणीच्या किंवा सिनेनटीच्या कमरेशी स्वतःची तुलना करणे व्यर्थ आहे. तिची हाडे आणि तिचे घराणे वेगळे आहे.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटच उतरते का?

हा फार जुना गैरसमज आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ उठाबशा (पाठीवर झोपून उठण्याचा व्यायाम) काढल्या. मग पोट, पाठ व नितंब येथील चरबीच्या पेशी तपासल्या. पोटावरच्या पेशी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आक्रसल्या नव्हत्या. स्नायू जवळची चरबी जाळत नाही. शरीर सगळ्या साठ्यांतून थोडी थोडी चरबी काढते, रक्तात सोडते आणि ती वापरली जाते. कोठून किती काढायची, हे आपण सांगू शकत नाही.

मग पोटाचे व्यायाम निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. पोटाच्या सर्वांत आतला आडवा स्नायू हा निसर्गाने दिलेला कंबरपट्टा आहे. तो बळकट झाला की पोट सैल लोंबत नाही, कणा ताठ राहतो आणि माणूस नीट उभा राहू लागतो. नुसत्या ताठ उभे राहण्यानेही पोट आत गेल्यासारखे दिसते. ते दिसणे खरेच असते, पण ती स्नायूंची करामत असते. चरबी तेवढीच राहते.

खरा धोका आतल्या चरबीचा

पोटावर दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीखालची, जी चिमटीत धरता येते. दुसरी आतली, जी आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठते. ती चिमटीत येत नाही, पोट टणक व पुढे आलेले दिसते. या आतल्या चरबीतून निघणारी स्निग्धाम्ले यकृताकडे जातात, इन्शुलिनचे काम अडते आणि पुढे मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांची वाट मोकळी होते.

या दोहोंतला फरक किती मोठा आहे पाहा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील कातडीखालची पुष्कळ चरबी शस्त्रक्रियेने ओढून काढली. आकार बदलला, पण काही आठवड्यांनी तपासले तेव्हा इन्शुलिनचे काम, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत सुधारणा नव्हती. पैसे मोजून आकार मिळाला, आरोग्य मिळाले नाही.

आपण भारतीय तर या बाबतीत फसवे दिसतो. २००४ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावर वजन बरोबर असले म्हणजे सारे ठीक, असे आपल्याकडे म्हणता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आढळले, आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह.

घेर कसा मोजावा?

पुरुष पॅंट पोटाखाली बांधतात, त्यामुळे पोट वाढले तरी पॅंटचा नंबर तोच राहतो. परकराची नाडी तर कितीही सैल सोडता येते. म्हणून शिंपी वापरतो ती टेप घ्या. सकाळी शौचानंतर, अंगावर जाड कपडा न ठेवता सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप आडवी लावा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि टेप आवळू नका.

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर (सुमारे साडेएकतीस इंच) ही मर्यादा मानली जाते. आणखी सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. गरोदरपणात हे माप लागू नाही.

आहाराचे काय?

उपास करून पोट उतरवू नका. आपला उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप. त्याने घेर वाढेलच. उलट मुली खरोखर उपाशी राहतात तेव्हा आधी स्नायू झिजतात, केस गळतात, पाळी चुकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. अशा देशात कमरेच्या आकारासाठी पोरीने ताट दूर सारणे हे परवडणारे नाही.

पुढील गोष्टी मात्र कराव्यात.

१. चहातली साखर मोजा. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे रोज सुमारे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहातून पोटात जाते.

२. भात किंवा पोळी निम्मी करा आणि ती जागा उसळ, वरण, पालेभाजी, कोशिंबीर यांनी भरा. ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तमच, पण तीही मोजून.

३. तेल माणशी दिवसाला चहाचे चार चमचे पुरते. फरसाण, भजी, वडे आणि बेकरीची खारी-बिस्किटे रोजच्या ताटात नकोत.

४. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घ्या. दारूने पोट वाढत नाही हा समज चुकीचा आहे. दारूत कॅलरी भरपूर असतात, आणि सोबतचा चकणा वेगळाच.

आठवड्याला अर्धा किलो वजन उतरले तरी पुरे. ढोबळ मानाने एक किलो उतरले की घेर एक सेंटिमीटर कमी होतो. घाई केली तर गेलेले वजन व्याजासह परत येते.

व्यायाम कोणता?

आठवड्यात किमान १५० मिनिटे भराभर चालणे, सायकल किंवा पोहणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. सूर्यनमस्कार, बैठका, जोर, जमेल ते. आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते. वजनाचा काटा हललेला नसतानाही ती कमी होते. शेतात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मात्र दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यांनी ‘दिवसभर दगदग असते’ हे कारण सांगू नये. दगदग म्हणजे व्यायाम नव्हे.

बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात. बऱ्याच जणींचे ते काही महिन्यांत जवळ येतात. डॉक्टरांना विचारून हलक्या व्यायामाने सुरुवात करावी. लगेच जोराच्या उठाबशा काढू नयेत. मधली फट राहिलीच, तर नुसत्या डाएटने ती भरत नाही, हे लक्षात घ्यावे.

हे करू नका

घाम आणणारे पट्टे बांधून उतरते ते पाणी, चरबी नव्हे. दोन तांबे पाणी प्यायले की वजन परत. जाहिरातीतील चूर्णे व गोळ्या काय घालून केल्या आहेत हे कळत नाही, तेव्हा त्या टाळाव्यात. साडीची नाडी रोज एकाच जागी घट्ट आवळल्याने कंबर बारीक होत नाही, कातडीला मात्र इजा होते. वर्षानुवर्षे न भरलेल्या अशा जखमेत कर्करोग झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. नाडी सैल, शक्यतो रुंद पट्टीची असावी.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

हातपाय वाळत असताना पोट मात्र भराभर वाढत असेल, पायावर सूज असेल, भूक मंदावली असेल, तर ते ‘सुटलेले पोट’ नसते. पोटात पाणी होणे, यकृताचा विकार किंवा स्त्रियांत अंडाशयाची गाठ असू शकते. मुलीची पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव आणि पोट वाढणे, मानेवर काळपट जाड कातडी, किंवा स्टिरॉइडची औषधे चालू असताना पोट सुटणे, यांतही व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

शेवटी, टेप फारशी हलत नाही म्हणून निराश होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार सांभाळला आणि व्यायाम केला, त्यांच्यात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यांचे वजन फारसे उतरलेही नव्हते. आरशात काही दिसले नाही, तरी आत काम झाले होते.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेचे माप घ्या आणि कॅलेंडरच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. मर्यादेच्या वर असेल त्याने उपाशीपोटी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मर्यादेच्या आत असेल, आणि कंबर तरीही सरळच दिसत असेल, तर तो तुमचा बांधा आहे. त्याला औषध नको.