पाळण्यापाशी पसायदानाचा विचार

मूल जन्मल्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईचे पूजन करण्याची चाल आपल्या समाजात फार जुनी आहे. पूजा मांडावयाची, दिवा रात्रभर तेवत ठेवावयाचा आणि पूजेपाशी कोरा कागद व लेखणी ठेवावयाची. त्या रात्री सटवाई येऊन बालकाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत आहे. आपली अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहिली. बोलण्यात तेथले शब्द मिसळले, पानात तेथले पदार्थ आले. तथापि हा कोरा कागद पुष्कळ घरांतून अद्याप सुटलेला नाही. ही समजूत अक्षरशः खरी मानावी की नाही, हा प्रश्न येथे नाही. कागद कोरा आहे आणि त्यावर काय उमटणार हे आईबापांना ठाऊक नाही, एवढा त्या विधीचा भाव कोणासही मान्य होण्यासारखा आहे.

यंदा आमच्या घरी पाळणा हलला. आनंद झाला हे सांगावयास नकोच. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ एक भय घरात आले, तेही सांगितले पाहिजे. पूर्वी खून, दंगे, बालकांवरील अत्याचार यांच्या बातम्या वाचून आम्ही हळहळत असू आणि पान उलटीत असू. आता ते पान सहजी उलटत नाही. ज्या जगात हे सारे घडते, त्याच जगात आपण एका निरपराध जिवाला आणले, हा विचार मनास टोचतो. त्याहून खोल असा दुसराही एक विचार आहे, तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ज्यांनी ती कृत्ये केली तेही कधीकाळी कोणाच्या तरी मांडीवर असेच मुठी आवळून निजले होते. त्यांचाही कागद कोराच होता. मग आपल्या बालकाविषयी आशा कशाच्या बळावर धरावयाची? प्रत्येक नव्या आईबापांसमोर कधी ना कधी उभा राहणारा हा प्रश्न घेऊन आपल्या ग्रंथांकडे जावे, असा या पाठाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, आपले ग्रंथ दुष्टतेवर पांघरूण घालीत नाहीत. भागवताच्या दशम स्कंधातील श्रीकृष्णजन्म आपण पाळणे गाऊन, सुंठवडा वाटून साजरा करतो. परंतु त्या जन्मापूर्वी देवकीची सहा बालके मारली गेली आहेत, हे भागवत स्पष्ट सांगते. त्या कथेचा आरंभही विचार करण्याजोगा आहे. कंस प्रथम दुष्टपणे वागताना दिसत नाही. विवाहानंतर निघालेल्या देवकीच्या रथाचे लगाम तो बहिणीच्या प्रेमाने स्वतः हाती घेतो. वाटेत आकाशवाणी होते, हिच्या आठव्या गर्भाकडून तुला मृत्यू आहे असे तो ऐकतो, आणि क्षणापूर्वी लगाम धरणारा हात तलवारीकडे जातो. वसुदेव वचनाप्रमाणे पहिले मूल घेऊन येतो, तेव्हा कंस ते परतही करतो. पुढे नारदांच्या बोलण्याने भय पुन्हा जागे होते, तेव्हा मात्र तो थांबत नाही. कंसाच्या क्रौर्याच्या मुळाशी भागवताने भय ठेवले आहे. पाळण्यापाशी बसून भिणाऱ्या आईबापांनी हे विसरू नये.

आता त्याच ग्रंथातील दुसरे एक घर पाहू. हिरण्यकशिपूचा भाऊ विष्णूच्या हातून मारला गेला. त्या दुःखातून वैर आणि वैरातून मृत्यूवर मात करण्याची हाव निर्माण झाली. अशा घरी प्रल्हाद जन्मला. पित्याने त्याचा जो छळ केला तो सप्तम स्कंधात विस्ताराने आला आहे. ती कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु ती बहुधा खांब दुभंगून नृसिंह प्रकटतात तेथेच थांबते. खरा पाठ त्यापुढे आहे. वर माग, असे देव म्हणतात तेव्हा प्रल्हाद प्रथम स्वतःसाठी काही मागत नाही. मनात कामनांचे बीज उगवू नये इतकीच त्याची इच्छा असते. त्यानंतर तो जे मागतो ते पित्यासाठी: माझ्या पित्याने देवाची निंदा केली, भक्ताचा द्रोह केला, त्या पापातून तो शुद्ध व्हावा. ज्याने छळले त्याच्यासाठी, ज्याला छळले तो मागतो आहे.

भागवताच्या पंचम स्कंधातील अठराव्या अध्यायात प्रल्हादाची आणखी एक प्रार्थना आहे. तीत तो साऱ्या विश्वाचे कल्याण चिंतितो आणि लागलीच दुष्टांचे मन निवळावे, असे मागतो. दुष्टांचा नाश व्हावा असे तो म्हणत नाही. विश्वाच्या कल्याणाला लागून दुष्टांच्याच मनःशांतीचे मागणे यावे, हा क्रम कोणाही अभ्यासकाच्या मनात ठसावा असा आहे.

हाच भाव आपल्या भाषेत ज्या ठिकाणी आला आहे ते ठिकाण वाचकांच्या नित्यपाठातले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटी श्रीज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितले, त्यात ग्रंथरूपी वाग्यज्ञाने देवाने संतोष पावावे असे म्हटल्यावर पहिले मागणे दुष्टांच्याच संबंधी आहे. त्यांचा वाकडेपणा गळून पडावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, आणि मग भूतमात्रांत परस्पर मैत्री जडावी. दुष्ट नाहीसे व्हावे असे येथेही मागणे नाही. दुष्टपणासाठी श्रीज्ञानेश्वरांनी जो शब्द योजिला त्याचा अर्थच वाकडेपणा असा होतो. वाकलेली वस्तू मुळात वाकडी नसते, ती कशाने तरी वाकलेली असते. आणि जे वाकले ते सरळ होऊ शकते. या एका शब्दात आशेचा सगळा आधार आला आहे.

हे मागणाऱ्याचे वय आणि पूर्वायुष्यही आठवावे. शके ११९७ हे त्यांचे जन्मवर्ष मानले, तर त्या वेळी श्रीज्ञानेश्वर अवघे पंधरा वर्षांचे होते. संन्याशाची मुले म्हणून चारही भावंडे समाजाबाहेर टाकली गेली होती, आणि त्यांच्या मातापित्यांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला, असे परंपरा सांगते. ज्यांच्या बालपणाचे छत्र लोकांच्या निष्ठुरतेने हिरावले, त्यांच्या मुखातून हे पसायदान निघाले. म्हणून दुष्टतेची झळ न लागलेल्या माणसाचे हे गोड स्वप्न आहे, असे कोणासही म्हणता येणार नाही.

तथापि एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. प्रार्थना उत्तम, पण व्यवहारात कोणाचा वाकडेपणा असा गळतो काय? आणि ज्यांचे मूल दुष्टांनी मारले त्या आईबापांना हे ऐकवावयाचे कोणत्या तोंडाने? या आक्षेपाचा विचार करताना आम्हा ग्वाल्हेरकरांना फार दूर जावे लागत नाही. भिंड-मुरैना भागात चंबळेच्या खोऱ्यांतील दरवडेखोरांच्या टोळ्यांनी कित्येक पिढ्या दहशत बसविली होती. तेथील लोक त्यांना डाकू न म्हणता बागी म्हणत. जमिनीचे तंटे, अपमान, सूड आणि सुडाचा सूड, अशा साखळीतून पुष्कळ तरुण त्या खोऱ्यांत उतरले. मानसिंह हा त्यांतला नामांकित बागी १९५५ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची शिक्षा होऊन पडला होता. त्याने आचार्य विनोबा भावे यांना पत्र लिहून या भागात येण्याची विनंती केली.

विनोबांची पदयात्रा मे १९६० मध्ये या मुलखात आली. मेजर जनरल यदुनाथसिंह यांनी टोळ्यांपर्यंत निरोप पोहोचविण्याचे कष्ट घेतले. विनोबांजवळ शस्त्र नव्हते, शिक्षा माफ करण्याचा अधिकारही नव्हता. तरीही त्या महिन्यात वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे त्यांच्यावर न्यायालयांत खटले चालले आणि कित्येकांना शिक्षाही झाल्या. पोलिसांचे धैर्य खचेल, गुन्हेगारांचा गौरव होईल, अशी टीका त्या वेळी झाली. ती अगदीच निराधार नव्हती. कारण टोळ्या संपल्या नाहीत, नव्या उभ्या राहिल्या. परंतु कथाही तेथे संपली नाही. १९७१ मध्ये माधोसिंह नावाचा बागी वेष पालटून पाटण्यास जयप्रकाश नारायण यांच्याकडे गेला, आणि एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे मोहरसिंह, माधोसिंह आदींनी गांधीजींच्या प्रतिमेसमोर शस्त्रे ठेवली. त्या पर्वात शरण आलेल्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागली.

यातून काय घ्यावयाचे? मेलेली मुले परत आली नाहीत, आणि शस्त्र खाली ठेवल्याने केलेले कर्म पुसले गेले नाही. म्हणून न्यायालयाची वाट सोडून देण्यात आली नाही. क्षमा आणि न्याय यांत विरोध मानण्याचे कारण नाही. मात्र वाकडेपणा म्हणजेच माणूस नव्हे, तो माणसापासून वेगळा होऊ शकतो, एवढे त्या खोऱ्यात डोळ्यांनी दिसले. ज्यांचे घर उजाडले त्यांना आपण उपदेश करू नये. त्यांच्यापाशी मौन आणि साहाय्य हाच धर्म. पण ज्यांचा पाळणा आज हलतो आहे, त्यांनी हे अवश्य ध्यानी धरावे.

चंबळेच्या खोऱ्यात नि:शस्त्र जाण्याचे बळ विनोबांना कोठून मिळाले, याचा शोध घेतला म्हणजे आपण पुन्हा घरातच येतो. त्यांचे बालपण कोकणातील गागोदे गावी व पुढे बडोद्यास गेले. त्यांच्या आईंच्या, रुक्मिणीबाईंच्या, आठवणी विनोबांनी स्वतःच अनेकदा सांगितल्या आहेत. एकदा धट्टाकट्टा भिकारी दारी आला. आईंनी भिक्षा घातली. अशांना दिल्याने आळस वाढतो, अशी तक्रार मुलाने केली. पात्र कोण, अपात्र कोण, हे ठरविणारे आपण कोण, असा आईंच्या उत्तराचा आशय होता. शेजारची बाई आजारी असली की त्या तेथे जाऊन स्वयंपाक करीत. पण आपल्या घरचा आधी उरकून. हा आपलेपणाचा स्वार्थ नव्हे काय, असे मुलाने विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांचे आधी केले तर जेवणाच्या वेळेपर्यंत अन्न निवून जाईल. गीता मराठीतून समजावी ही त्यांची इच्छा होती. १९१८ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या इच्छेतून झालेली ‘गीताई’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. दारच्या भिकाऱ्याला न जोखणारी आई आणि खोऱ्यातल्या बागीला न जोखणारा मुलगा, यांच्यामधला धागा दाखविण्यास वेगळे प्रमाण नको.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले आहेत. त्यांत पहिला गुण अभय. सत्य, अहिंसा, दया हे सारे नंतर येतात. कंसाची कथा आठवली म्हणजे हा क्रम असा का, ते कळते. भय मनात शिरले की बहिणीचा हात धरणारा माणूसही वाकतो. म्हणून मुलाला दुष्टांपासून जपणे हे आईबापांचे कर्तव्य आहेच, पण तेवढ्याने ते पुरे होत नाही. जपताना आपण त्याच्या मनात भय पेरीत नाही ना, हे त्याहून बारकाईने पाहावे लागते. जेवत नाही म्हणून बागुलबुवा दाखविणे, अमक्या जातीचा, अमक्या वस्तीतला माणूस वाईट असे सहज बोलून जाणे, नोकरमाणसाला मुलासमोर टाकून बोलणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण कोऱ्या कागदावर उमटणारी पहिली अक्षरे तीच असतात. सटवाई काय लिहिते ते आपल्याला दिसत नाही. आपण काय लिहितो ते मात्र दिसू शकते.

यासाठी घरोघरी तीन गोष्टींचा अभ्यास करावा, असे आम्ही सुचवितो. पहिली: मुलास घाबरवून आज्ञा पाळावयास लावू नये, विलंब लागला तरी समजावून सांगावे. दुसरी: प्रल्हादाची कथा सांगताना नृसिंहापाशी न थांबता पित्यासाठी मागितलेल्या वरापर्यंत न्यावी. तिसरी: सायंकाळी दिवा लावल्यावर पसायदान म्हणताना, दुष्टांसंबंधीचे मागणे आले की, ज्याचा आपल्याला राग आहे अशा एका माणसाचे स्मरण मनातल्या मनात करावे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. आम्ही ती करू पाहतो, आणि सगळ्याच दिवशी ती साधते असे नाही.

जगात दुष्टता उरणार नाही, असे आश्वासन कोणत्याही बालकाला कोणी देऊ शकत नाही. देवकीलाही ते कोणी दिले नव्हते. पण जे वाकले आहे ते सरळ होऊ शकते, ही श्रद्धा त्याच्या हाती देता येते, आणि आपल्या वागण्याने ती खरी करून दाखविता येते. पसायदानातील पहिल्या मागण्याचा अर्थ तोच, आणि नव्या आईबापांच्या आशेचाही अर्थ तोच. ज्ञानदेवांनी मागितलेले ते दान सर्वांच्या घरी उतरो, हीच श्रीचरणी प्रार्थना.