परसबागेतील लसूण : एक पाठ

विनयपिटकात लसणाच्या शेताची एक कथा आहे. श्रावस्तीच्या एका उपासकाने भिक्खुणी संघाला लसूण देऊ केला आणि प्रत्येकीस दोन-तीन जुड्या द्याव्यात, असे शेताच्या राखणदाराला सांगून ठेवले. थुल्लनंदा भिक्खुणी शेतावर गेली आणि प्रमाण न ठेवता भरमसाट लसूण घेऊन आली. राखणदाराने तक्रार केली. त्यावरून भिक्खुणींनी लसूण खाऊ नये, हा नियम झाला. भिक्खूंच्या नियमात मात्र आजारपणाची सवलत आहे. सारिपुत्तांच्या पोटातील वातावर लसूणच औषध ठरला होता. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन केले, त्या मनुस्मृतीनेही द्विजांना लसूण वर्ज्य सांगितला आहे. परंतु तो निषेध जन्मावर उभा आहे, तर विनयातील निषेध वर्तनावर. हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावा.

थुल्लनंदेची चूक परसबागेत आपल्याही हातून होते. लसणाला पेरण्याजोगे बी येत नाही. पाकळी हेच त्याचे बियाणे. आलेल्या पिकातील उत्तम गड्डे खाऊन उरलेले बारीक गड्डे लावले, तर पुढील पीकही बारीकच येते.

लसणाचे दोन प्रकार आहेत. थंड प्रदेशातील लसणाला मधोमध कठीण दांडा येतो. आपल्याकडचा लसूण मऊ मानेचा. त्याच्या वाळलेल्या पातीची वेणी घालता येते आणि तो अधिक टिकतो. पुणे जिल्ह्यातच राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तेथील पांढरा 'भीमा ओंकार' आणि जांभळट 'भीमा पर्पल' हे वाण आपल्या हवामानास अनुकूल आहेत.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. थंडीत पात वाढते. फेब्रुवारीत दिवस मोठा व उबदार होऊ लागला की गड्डा भरतो. उशीर केल्यास पातीला वाढायला वेळ मिळत नाही आणि गड्डा लहान राहतो. भरपूर ऊन येणारा वाफा किंवा वीतभर खोल कुंडी घ्यावी. माती भुसभुशीत असावी, तीत कुजलेले शेणखत मिसळावे. पाकळ्या न सोलता, टोक वर ठेवून, दोन-तीन सेंटिमीटर खोल आणि दहा सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. पाणी बेताने द्यावे. साचल्यास गड्डे कुजतात. हिरवी पात चटणीसाठी खुडावी, पण थोडीच, कारण गड्ड्याचे पोषण पातीवरच होते.

साधारण चार महिन्यांनी पात पिवळी पडून मान लवते. काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे. गड्डे पातीसह काढून सावलीत सुकवावेत आणि वेणी घालून हवेशीर जागी टांगावेत.

आता एक हिशेब मांडू. एका गड्ड्यातील दहा भरदार पाकळ्या लावल्या आणि सर्व रुजल्या, तर दहा गड्डे मिळतील. त्यांतील सर्वांत चांगला गड्डा पुढील हंगामासाठी राखावा, दुसरा शेजाऱ्याला बियाणे म्हणून द्यावा. स्वयंपाकघराला तरीही आठ उरतात. मुलांनी हा हिशेब घरी स्वतः करावा आणि बियाण्याचा गड्डा पालकांनी त्यांच्याच हाती राखायला द्यावा.