थंड इंजिन लवकर कसे तापेल?

हिवाळा आणि उसाचा हंगाम आपल्याकडे जोडीनेच येतात. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर पहाटे ट्रक उभे असलेले तुम्ही पाहिले असतील. ड्रायव्हर सेल मारतो, इंजिन दोन-चार आचके देते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि मग ते धडधडू लागते. पण ट्रक लगेच हलत नाही. ‘गाडी गरम होऊ दे,’ असे म्हणून तो चांगला अर्धा तास जागेवरच चालू ठेवतात. याने इंजिन खरोखर तापते का? त्याला लवकर तापवण्याचा दुसरा उपाय आहे का? याचे उत्तर शोधायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

डिझेल पेटते कसे?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचे वैशिष्ट्य हेच, की त्यात इंधन पेटवण्याचे काम हवाच करते. सिलिंडरमधील दट्ट्या हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे सतराव्या हिश्शावर आणतो. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. येथे तोच परिणाम फार मोठ्या प्रमाणावर घडतो. १५ अंश सेल्सिअसची हवा दाबली गेल्यावर ५०० अंशांच्या आसपास पोचते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला, की तो आपोआप पेट घेतो.

थंड इंजिनात मात्र सिलिंडरच्या भिंती या हवेतील उष्णता ओढून घेतात. शिवाय सुरुवातीला इंजिन हळू फिरत असल्याने दट्ट्याच्या कडेने थोडी हवा निसटते. हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेलचे काही थेंब न जळताच बाहेर पडतात. पहाटेचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे मुख्यतः हेच न जळलेले डिझेल. न जळलेले आणखी काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि खालच्या तेलात मिसळते. म्हणून इंजिन जितका कमी वेळ थंड राहील, तितकी त्याची झीज कमी आणि आपल्या नाकात जाणारा धूरही कमी.

उष्णता किती लागते?

आता हिशेब करू. ट्रकच्या इंजिनाचे वजन ५०० किलो धरा. त्यातला मोठा भाग बिडाचा असतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमध्ये वाहनांचे असे बिडाचे भाग ओतले जातात. बिडाची विशिष्ट उष्माधारकता दर किलोला, दर अंशाला सुमारे ०.४६ किलोज्यूल आहे. पाण्याची ४.२ आणि तेलाची सुमारे २. इंजिनात फिरणारे पाणी २० किलो व तेल १२ किलो धरले, तर तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता अशी :

बीड : ५०० × ०.४६ = २३० किलोज्यूल
पाणी : २० × ४.२ = ८४ किलोज्यूल
तेल : १२ × २ = २४ किलोज्यूल

बेरीज ३३८, म्हणजे सुमारे ३४० किलोज्यूल. इंजिन १५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायचे, म्हणजे ६५ अंशांची वाढ. त्यासाठी सुमारे २२,००० किलोज्यूल, म्हणजेच २२ मेगाज्यूल उष्णता हवी.

ही उष्णता येणार डिझेलमधूनच. एक लिटर डिझेल जळले की सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. तिचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात : एक चाकांना काम म्हणून, एक धुराबरोबर बाहेर आणि एक इंजिनाच्या अंगाला. आपल्या उपयोगाचा तो तिसरा वाटा, म्हणजे लिटरमागे १२ मेगाज्यूल. तेव्हा इंजिन तापवायला २२ भागिले १२, म्हणजे सुमारे १.८ लिटर डिझेल जळलेच पाहिजे.

ट्रक जागेवर नुसता चालू असताना इंजिनाला फक्त स्वतःला फिरवायचे असते, म्हणून ते फार थोडे डिझेल घेते. ताशी दीड लिटर धरू. मग १.८ लिटर जळायला सव्वा तास लागेल! अर्ध्या तासात जळेल पाऊण लिटर, त्यातून मिळतील ९ मेगाज्यूल, आणि इंजिनाचे तापमान वाढेल फक्त २६ अंशांनी. म्हणजे ते जेमतेम ४१ अंशांवर पोचेल. प्रत्यक्षात तेवढेही नाही, कारण या काळात गार वारा इंजिनाची उष्णता नेतच असतो. आणखी एक गोष्ट. डिझेल इंजिन डिझेल कमी घेतले तरी हवा कमी घेत नाही. थोड्याशा आगीवर भरपूर गार हवा खेळत राहते आणि उष्णता धुराच्या नळीतून निघून जाते.

तोच ट्रक हळूहळू रस्त्याला लागला तर? आता भार ओढायचा असल्याने ताशी ९ लिटर डिझेल जळेल असे धरा. १.८ लिटर जळायला फक्त १२ मिनिटे लागतील! ताशी ३० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात ट्रक सहा किलोमीटर पुढेही गेलेला असेल. डिझेल दोन्ही वेळा तेवढेच जळाले. पण एकदा ट्रक जागचा हलला नाही आणि एकदा तो सहा किलोमीटर चालला. हंगामाचे १२० दिवस रोज अर्धा तास इंजिन नुसते चालू ठेवले, तर एका ट्रकमागे ९० लिटर डिझेल जळते. त्या पैशाचा विचार तुम्हीच करा.

मग लगेच जोरात पळवावे का?

मुळीच नाही! आपली काकवी आठवा. थंडीत ती बाटलीतून उतरता उतरत नाही आणि जरा ऊब लागली की धार धरते. द्रवाच्या या वाहण्यातील अडथळ्याला श्यानता म्हणतात. तापमान वाढले की ती घटते. इंजिनातील तेलाचेही असेच आहे. थंड, घट्ट तेल सर्व भागांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. नव्या ट्रकमध्ये टर्बोचार्जर असतो. त्याचा दांडा अतिशय वेगाने फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावरच तरंगतो. तेल पोचण्याआधी रेस केली, तर तो झिजणारच. शिवाय दट्ट्या पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर तो बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. सर्व भाग सावकाश, बरोबरीने तापलेले बरे.

म्हणून योग्य क्रम असा : इंजिन सुरू करावे, तेलाचा दाब आला हे पाहावे. एअर ब्रेकच्या टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत ट्रक हलवूच नये. या कामाला काही मिनिटे लागतात आणि तेवढे थांबणे आवश्यकच आहे. मग रेस न वाढवता, भार हलका ठेवून निघावे आणि काटा वर आल्यावरच जोर लावावा.

पाण्याचा दरवान

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. तिच्यातील मेण सुमारे ८० अंशांना वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ‘आपल्याकडे ऊन फार, हिची गरज काय?’ असे म्हणून काही ठिकाणी ही झडप काढून टाकतात. मग पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहते आणि इंजिनाला तापायला फार वेळ लागतो. दरवानाला घालवून दार सताड उघडे टाकण्यासारखेच हे!

काही ड्रायव्हर रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावतात. त्याने इंजिनावर येणारा वारा अडतो, हे खरे. पण इंजिन तापल्यावर तो काढायलाच हवा. भरलेला ट्रक घाट चढू लागला आणि गोणपाट तसेच राहिले, तर पाणी उकळेल. इंजिनाखाली जाळ करणे किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे मात्र जिवावर बेतू शकते. पहिल्यात आगीचा धोका, दुसऱ्यात विषारी धुराचा.

आपल्याकडची थंडी तशी सौम्यच. लडाखमध्ये तर साध्या डिझेलमधील मेणच गोठते आणि इंधनाची वाट बंद होते. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास हिवाळी डिझेल आणले. अतिथंड देशांत ट्रक रात्रभर उभा असताना विजेच्या हीटरने इंजिनातील पाणी गरम ठेवतात.

करून पाहा

१. गॅरेजमधून जुना थर्मोस्टॅट मिळवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात लोंबता ठेवा, थर्मामीटर लावा आणि पाणी तापवा. झडप कोणत्या तापमानाला उघडू लागते? पूर्ण केव्हा उघडते?

२. एका डब्याच्या बुडाला लहान छिद्र पाडा. थंड काकवी आणि कोमट काकवी सारख्याच मापाने घेऊन, गळून जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.

विचार करा

गगनबावड्याला मुक्काम केलेला ट्रक पहाटे निघून लगेच करूळ घाट उतरू लागला. पाऊण तास चालूनही त्याचे इंजिन नीट तापले नाही, ब्रेक मात्र चांगलेच तापले. असे का झाले असेल? वरच्या हिशेबातच उत्तर दडले आहे.