ॲसिडिटीचं इंजेक्शन शिरेतून देताना

“सिस्टर, छातीत जयजय करून रायली, एक सुई लावून द्या नं!” हे वाक्य आपल्या धारणीकडे कोणत्याही दवाखान्यात ऐकू येतं. ही सुई बहुतेक वेळा पॅन्टोप्रॅझोलची असते. नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलींना आणि सुई मागणाऱ्या आपल्यालाही तिच्यामागचं विज्ञान माहीत हवं.

पॅन्टोप्रॅझोल आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर आवरण असतं (ती कुटून देऊ नये). इंजेक्शन कोरड्या पावडरीच्या रूपात येतं. 40 मिलिग्रॅमच्या बाटलीत 10 मिली नॉर्मल सलाईन, म्हणजे 0.9 टक्के मिठाचं पाणी घालून ती विरघळवतात. द्रावण आम्लारीधर्मी होतं. आठवीतला आम्ल-आम्लारीचा धडा इथे कामी येतो! मिडाझोलामसारखं आम्लधर्मी औषध त्याच नळीत मिसळलं तर साका धरू शकतो. त्यामुळे औषधाच्या आधी आणि नंतर नळी सलाईनने धुतात. द्रावण गढूळ दिसलं, कण दिसले, तर ते फेकायचं. महाग आहे म्हणून वापरायचं नाही.

मग वेग. शिरेतून थेट देताना कमीत कमी 2 मिनिटं, घड्याळ बघून. बाटलीतून थेंब-थेंब द्यायचं तर साधारण 15 मिनिटं. बाहेर रांग लागली म्हणून घाई नको. जुनं रॅनिटिडीन तर पातळ करून किमान 5 मिनिटं द्यायचं असे, कारण झपाट्याने दिलं की हृदयाचे ठोके मंदावतात. (2022 मध्ये ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं.) देताना हाताकडे लक्ष हवं: सुईच्या जागी आग, सूज, लाली आली की थांबायचं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर औषध लगेच बंद आणि डॉक्टरांना हाक.

आधी कोणत्या औषधाने त्रास झाला होता का, हे विचारायलाच हवं. घरी कोरकू बोलणारी आजी मराठी प्रश्नाला नुसती मान हलवते. ती मान ‘नाही’ समजू नये. सोबतच्या नातीला कोरकूत विचारायला सांगावं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सुईच्या आधीचं. छातीत जळजळ, सोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर तो हार्ट अटॅक असू शकतो. आधी ईसीजी. ॲसिडिटीची सुई घेऊन माणूस घरी गेला, तर घाटाच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला पोचायचा वेळ हातचा जातो. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी म्हणजे पोटात रक्तस्राव. उपाशीपोटी रोज दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. अशा वेळी शिरेतलं औषध खरंच लागतं, पण दवाखान्यात भरती करून.

बाकी ज्याला गिळता येतं, उलट्या नाहीत, त्याला सकाळी जेवणाआधी घेतलेली गोळी पुरते. भरती रुग्णालाही खाणं सुरू झालं की डॉक्टर गोळीवर आणतात.