शिक्षेआधी वही उघडा

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा केली आणि तरी दंगा थांबला नाही, की आपण शिक्षा वाढवतो. आधी बाकावर उभं करणं, मग वर्गाबाहेर, मग मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर, शेवटी पालकांना बोलावणं. इतकी वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर माझं सगळ्या शिक्षकांना एकच सांगणं आहे: पुढची पायरी चढण्याआधी थांबा. त्या वागण्यातून मुलाला नेमकं काय मिळतंय ते आधी शोधा. ते न शोधता दिलेली शिक्षा पुष्कळदा त्या मुलाला हवीच असते, आणि तिची किंमत ते पुढे कित्येक वर्षं मोजतं. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

मी ज्या शाळेत होते तिथे शेजारच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. मधल्या सुट्टीनंतर गणिताचा तास असायचा. तास सुरू होऊन थोडा वेळ झाला की तो व्हरांड्यात दिसायचा. कधी पुढच्याच्या मानेला पेन्सिल टोचली म्हणून, कधी कंपासपेटी बाकावर आपटली म्हणून. "बाहेर हो!" हा आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. बाहेर आल्यावर तो कठड्याला टेकून मैदानावरचा खेळाचा तास बघत बसायचा. येणारे-जाणारे शिक्षक विचारायचे, "आज काय केलंस रे?" तास संपत आला की शिपाईमामा त्याला हाक मारायचे, "चल, घंटा दे." ती जड हातोडी उचलून घंटा द्यायला मिळावी म्हणून बाकीची मुलं रांगेत उभी राहतात. त्याला ते रोज, शिक्षा म्हणून, मिळत होतं.

शाळेने शिक्षा वाढवली. वडिलांना बोलावलं, घरी मार बसला. तो आणखी लवकर बाहेर येऊ लागला. वर्षाअखेरीस गणिताचे बरेचसे तास त्याने व्हरांड्यात काढलेले होते. पाचवीला तो माझ्या वर्गात आला तेव्हा "मस्तीखोर आहे, गणितात ढ आहे" असं मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. खरी गोष्ट अशी होती की हातच्याची वजाबाकी त्याला मुळात समजलीच नव्हती. ती न समजताच वर भागाकार आणि अपूर्णांक येऊन पडले होते, आणि त्या तासातून सुटण्याचा खात्रीचा मार्ग शाळेनेच त्याला दाखवला होता.

वागण्याकडे असं पाहण्याचं एक शास्त्र आहे. त्याला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात. प्रशिक्षणात 'एबीए' हे लघुरूप कानावर येतं. एखाद्या वागण्यानंतर जे घडतं त्यावर ते वागणं वाढतं किंवा कमी होतं, हा बी. एफ. स्किनर यांचा सिद्धांत त्याच्या मुळाशी आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी या शास्त्राची चौकट मांडली. प्रयोगशाळेबाहेर, माणसांच्या खऱ्या अडचणींवर काम करायचं, जे दिसतं आणि मोजता येतं तेच नोंदवायचं, आणि उपायाने खरंच फरक पडला का हे तपासायचं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याला त्यातलं सगळं लागत नाही. एक वही पुरते.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. त्या मुलाची मी ठेवलेली नोंद साधारण अशी होती. "तोंडी पाढे चालू. हात वर करून बरोबर उत्तर. मी 'छान' म्हटलं." "फळ्यावर वजाबाकीची उदाहरणं, वहीत सोडवा म्हटलं. शेजाऱ्याची वही ओढून फाडली. मी तिथेच थांबवलं, बाहेर काढलं नाही. त्याने रबर फेकलं." "गटात मण्यांच्या माळा मोजणं. शांत, दुसऱ्याला मदत." अशी पानं भरत गेली तसं दिसू लागलं की दंगा गणिताच्या तासाला होत नव्हता, हातच्याचं उदाहरण एकट्याने लिहून सोडवायची वेळ आली की होत होता. "सारखा त्रास देतो" या वाक्यातून हे कधीच कळलं नसतं. म्हणून नोंदीत 'आगाऊ', 'उद्धट', 'लक्ष नाही' असे शब्द लिहू नका. कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच लिहा.

मुलाच्या वागण्यामागे साधारणपणे चारपैकी एक फायदा असतो. कुणाचं तरी लक्ष मिळतं, नकोशा कामातून सुटका होते, हवी ती वस्तू किंवा संधी मिळते, किंवा ते करणंच शरीराला बरं वाटतं. हात हलवत राहणं, गुणगुणणं हे या शेवटच्या प्रकारातलं. वरून सारखं दिसणारं वागणं दोन मुलांत दोन वेगळ्या कारणांनी असू शकतं. एक जण लक्ष वेधायला ओरडतो, दुसरा उठवून बाहेर काढावं म्हणून. पहिल्याला बाहेर काढलं तर कदाचित उपयोग होईल. दुसऱ्याला काढलं तर त्याचं काम झालं.

कारण कळलं की उपायही त्याच कारणाला धरून हवा. कार आणि ड्युरँड या दोन संशोधकांनी १९८५ साली हे फार नेमकं दाखवून दिलं. विकासात अडचणी असलेली काही मुलं वर्गात त्रासदायक वागत होती. दंग्याऐवजी काय म्हणायचं हे त्यांना शिकवलं. काम अवघड वाटल्यामुळे वागणाऱ्या मुलाला "मला समजत नाही" असं म्हणायला शिकवलं की त्रास एकदम घटायचा. पण त्याच मुलाला कौतुक मागणारं वाक्य शिकवून काही फरक पडायचा नाही. मी माझ्या विद्यार्थ्याला पुठ्ठ्याचा एक लाल चौकोन दिला. अडलं की तो बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचा, बोलायचं नाही, मी येईन. पानभर उदाहरणांऐवजी तीन उदाहरणं दिली. पहिलं मी अर्धं सोडवून, मण्यांच्या माळा शेजारी ठेवून. सुरुवातीला चौकोन सारखाच बाहेर यायचा आणि मी दर वेळी जायचे. तेव्हा कंटाळा केला असता तर सगळं फुकट गेलं असतं, कारण नवा मार्ग जुन्यापेक्षा लवकर आणि खात्रीने फळ देणारा असेल तरच मूल तो धरतं. हळूहळू तीनाची पाच उदाहरणं झाली आणि चौकोन दप्तरात राहू लागला. तो गणितात पहिला आला नाही. पण तासभर वर्गात बसून शिकू लागला, आणि त्याला तेच हवं होतं.

आता दोन धोके सांगते, कारण या पद्धती अर्धवट वापरल्या तर नुकसान करतात.

पहिला धोका दुर्लक्षाचा. "लक्ष वेधण्यासाठी करतेय ना, मग बघूच नका," हा सल्ला सगळे देतात. पुढे काय होतं ते सांगत नाहीत. ज्या वागण्याला आजवर प्रतिसाद मिळत होता तो अचानक बंद झाला की ते वागणं थांबण्याआधी अनेकदा उसळी मारतं. आमच्याकडे एका वर्गात एक मुलगी न विचारता मोठ्याने उत्तरं द्यायची. तिच्या बाईंनी तिच्याकडे बघणं सोडलं. ती "बाई, बाई, बाई!" करत जागेवर उभी राहिली, मग बाकावर चढली, मग टेबलापाशी येऊन पदर ओढू लागली. तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, "बोल एकदाची!" मुलगी त्या दिवशी एवढंच शिकली की साध्या ओरडण्याने भागत नाही, बाकावर चढावं लागतं. दुर्लक्ष शेवटपर्यंत निभावता येणार नसेल तर सुरूच करू नका. आणि ज्यात कुणाला इजा होईल त्याकडे दुर्लक्ष करायचंच नसतं.

नुसतं दुर्लक्ष तसंही पुरत नाही. मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांत हे तपासलं. नुसते नियम सांगून जवळजवळ काहीच बदललं नाही. चुकीच्या वागण्याकडे दुर्लक्ष आणि बरोबर वागण्याचं कौतुक अशी जोड दिली तेव्हा वर्ग बदलला. त्या मुलीने हात वर केला त्याच क्षणी तिचं नाव घेऊन विचारायला हवं होतं. कौतुकही नेमकं असावं. "शाब्बास" पेक्षा "हात वर करून थांबलीस, आवडलं मला" हे मुलाला जास्त सांगून जातं.

दुसरा धोका बक्षिसांचा. एका वर्षी शाळेने ठरवलं की प्रत्येक वर्गात भिंतीवर स्टार चार्ट लावायचा. नीट बसलं की स्टार, गृहपाठ केला की स्टार. महिनाभरात त्याच त्या चार-पाच मुलांच्या ओळी भरल्या आणि काहींच्या कोऱ्या राहिल्या. पालकसभेला एक आई तक्त्यापाशी गेली, बोट ठेवून मुलाचं नाव शोधलं, ते बोट तसंच कोऱ्या ओळीवरून शेवटच्या चौकटीपर्यंत नेलं आणि पदर सावरून मागे जाऊन बसली. मुलगा तिच्या शेजारी उभा होता. अशा तक्त्याला मी शिस्तीचं साधन म्हणत नाही. बाल शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. मुलाला चारचौघांत खाली बघायला लावणारी कुठलीही युक्ती, ती कितीही रंगीत असली, तरी या कलमाच्या प्रकाशात तपासून घ्यायला हवी.

बक्षिसाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर अभ्यास केला. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं काही मुलांना आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता, अचानक दिलं त्यांची आवड टिकून होती. म्हणजे मूल जे आवडीने करतंय त्यावर बक्षिसाची अट लावू नका. बक्षीस वापरायचंच तर जिथे मूल अजून पाऊलही टाकत नाही तिथे, थोडा काळ, खाजगीत, आणि लवकर कमी करत न्यावं. वस्तूपेक्षा आवडतं काम बरं: "ही तीन उदाहरणं झाली की फळा तू पुसायचास." गिजुभाई बधेकांनी शिक्षेइतकाच लालूच दाखवण्यालाही विरोध केला होता, आणि ताराबाई मोडकांनी तोच विचार आपल्याकडे रुजवला. या शास्त्राची साधनं हातात घेताना त्यांचा तो इशारा मी विसरत नाही.

उद्दिष्ट ठरवतानाही सावध राहा. विनेट आणि विंकलर यांनी १९७२ सालीच या शास्त्राच्या स्वतःच्या नियतकालिकात टीका केली होती की वर्गातले प्रयोग मुलांना गप्प, स्थिर आणि आज्ञाधारक करण्यातच अडकले आहेत. याच शास्त्रातल्या ऑग्डेन लिंड्स्ली यांची एक कसोटी मला फार उपयोगी पडते: जे निष्प्राण शरीरालाही जमेल ते उद्दिष्ट होऊ शकत नाही. 'बोलणार नाही', 'हलणार नाही' हे त्या कसोटीवर बाद होतं. 'अडलं तर मदत मागेल', 'गटात आपली पाळी येईपर्यंत थांबेल' हे टिकतं. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू आहे. हात हलवल्याने मुलाला शांत वाटत असेल आणि कुणाला इजा होत नसेल, तर ते थांबवण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही. पूर्वी या मुलांवर याच शास्त्राच्या नावाखाली फटके आणि विजेचे धक्केही वापरले गेले. मोठी झालेली स्वमग्न माणसं आज त्याबद्दल जे सांगतात ते शिक्षकांनी ऐकलं पाहिजे.

आणि वही उघडण्याच्याही आधी काही साधे प्रश्न विचारा. मूल सकाळी खाऊन आलंय का? फळा दिसतो का, ऐकू येतं का? घरी काही घडलंय का? एरवी शांत असणारं मूल अचानक बदललं तर तिथे ना कौतुक चालतं ना दुर्लक्ष. तिथे त्याच्याशी बोलणारं आणि त्याला सुरक्षित ठेवणारं माणूस लागतं. वाचन-लेखनात सतत मागे पडत असेल तर विशेष शिक्षकांकडून तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, त्यामुळे ही मदत मागताना संकोच नको.

सुरुवात लहान करा. पन्नास मुलांच्या वर्गात सगळ्यांची नोंद कुणालाच जमणार नाही. एक मूल घ्या, त्याचं एकच वागणं घ्या, आणि ते सर्वांत जास्त ज्या तासाला होतं तेवढ्याच तासाची नोंद ठेवा. आठवडाभर उपाय करू नका, फक्त लिहा. मग एक बदल करा, आधीच्या रकान्यात किंवा नंतरच्या, आणि पुन्हा लिहा. फरक नसेल तर आपला अंदाज चुकला असं समजून दुसरा घ्या. त्या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांना काय ठरलंय ते सांगा, नाहीतर तुम्ही बंद केलेला दरवाजा पुढच्या तासाला उघडेल. घरच्यांनाही बोलवा, पण तक्रार ऐकवायला नको. घरी तो कशात रमतो, कधी चिडतो, हे विचारायला बोलवा. आणि ती वही मुलालाही दाखवा. माझ्या विद्यार्थ्याने आपल्या नोंदी वाचल्या आणि म्हणाला, "बाई, लिहायचं आलं की मला राग येतो." माझ्या कितीतरी पानांचा निष्कर्ष त्याला एका वाक्यात सांगता आला. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते, तुम्हीही पाळा: जी नोंद मुलासमोर मोठ्याने वाचता येणार नाही, ती लिहायची नाही.